व्हीगन रुग्ण आणि वैद्य : व्हीगन सोसायटीच्या कार्याचा चिकित्सादृष्ट्या अभ्यास

प्रास्ताविक

रुग्णाच्या आहाराची चौकशी करताना ‘शाकाहारी की मिश्राहारी’ एवढे विचारून आपण पुढे जातो. शाकाहारी म्हणजे दूध, दही, ताक, लोणी, तूप घेणारा, हे आपण गृहीत धरतो. आपल्या संहितांतील शाकाहारी पथ्यही बहुतांशी गोरसाच्या आधारावर उभे आहे. गेल्या काही वर्षांत मात्र पुणे-मुंबईसारख्या शहरांत दूध, तूप व मध यांचाही पूर्ण त्याग केलेले रुग्ण आपल्याकडे येऊ लागले आहेत. ते स्वतःस ‘व्हीगन’ म्हणवितात. बहुतेकांचा त्याग आरोग्यासाठी नसून प्राण्यांविषयीच्या करुणेतून आलेला असतो. त्यामुळे तो त्यांच्यासाठी व्रतासमान असतो.

अशा रुग्णाला ‘तुपावाचून औषध लागू पडणार नाही’ असे सांगून परत पाठविणे सोपे आहे. त्याला न सांगता तुपात कुटलेली गुग्गुळाची गोळी देणे त्याहूनही सोपे आहे. प्रस्तुत लेखात आपण या दोन्ही मार्गांना पर्याय शोधणार आहोत. त्यासाठी, ज्या संस्थेने ‘व्हीगन’ हा शब्द जगाला दिला तिच्या कार्याचा चिकित्सकाच्या दृष्टीने विचार करू व त्यातून आपल्या व्यवसायास उपयुक्त असा बोध घेऊ.

संस्थेची स्थापना व भूमिका

इंग्लंडमध्ये शाकाहाराचा प्रसार करणारी ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ १८४७ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासदांत दूध व अंडी घ्यावीत की नाहीत, हा वाद पुष्कळ जुना होता. गाय दूध देते ती वासरासाठी; दुग्धव्यवसायात नर वासराचे व आटलेल्या गाईचे शेवटी काय होते, हा प्रश्न काही सभासद वारंवार उपस्थित करीत. १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन, एल्सी श्रिग्ली इत्यादींनी संस्थेच्या मासिकात दुग्धविरहित आहारासाठी स्वतंत्र जागा मागितली. ती नाकारली गेली. तेव्हा वॉटसन व त्यांचे मोजके सहकारी यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली. वॉटसन हे व्यवसायाने लाकूडकामाचे शिक्षक होते. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची आरंभीची तीन व अखेरची दोन अक्षरे घेऊन ‘व्हीगन’ हा शब्द बनविण्यात आला. शाकाहाराचा जेथे आरंभ होतो, त्याच विचाराचा हा तर्कसंगत शेवट आहे, असा त्यामागील भाव होता. १ नोव्हेंबर हा दिवस १९९४ पासून जागतिक व्हीगन दिन म्हणून पाळला जातो. वॉटसन २००५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले.

ही संस्था नफा न कमावणारी आहे. १९७९ मध्ये तिची धर्मादाय संस्था म्हणून नोंद झाली. अन्न, वस्त्र वा अन्य कोणत्याही कारणासाठी होणारे प्राण्यांचे शोषण व त्यांच्याशी होणारे क्रौर्य टाळणारी जीवनपद्धती, अशी व्हीगन विचाराची व्याख्या ती करते. मात्र या व्याख्येत ‘शक्य व व्यवहार्य असेल तितके’ अशी मर्यादा तिने स्वतःच घातली आहे. वैद्यांनी ही मर्यादा विशेष ध्यानात ठेवावी. आवश्यक औषध केवळ प्राणिज घटकामुळे सोडून जिवाला धोका पत्करावा, असे ही संस्था सांगत नाही. उपचार चालू ठेवावेत व पर्यायांविषयी आपल्या चिकित्सकाशी बोलावे, असाच तिचा सल्ला असतो.

१९९० मध्ये संस्थेने वस्तूंवर छापावयाचे व्हीगन चिन्ह सुरू केले. त्याही आधी तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी लेस्ली क्रॉस यांनी १९५६ मध्ये वनस्पतिजन्य दुधाच्या निर्मितीसाठी एक मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला होता. त्यातूनच पुढे १९६५ च्या सुमारास इंग्लंडच्या बाजारात सोयाबीनचे दूध आले. केवळ ‘हे सोडा’ असे न सांगता ‘त्याऐवजी हे घ्या’ असे सांगण्याची ही पद्धत होती. तिची खरी कसोटी मात्र बी-१२ या जीवनसत्त्वाच्या प्रश्नावर लागली.

बी-१२ : संस्थेने घेतलेला धडा

संस्था स्थापन झाली तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आलेले नव्हते. ते १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत वेगवेगळ्या संशोधकांना सापडले. म्हणजे पहिल्या पिढीतील व्हीगन व्यक्तींनी जो आहार स्वीकारला, त्यातील एक उणीव त्या वेळी कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. १९५५ मध्ये फ्रँक वोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन व्यक्तींमधील बी-१२ च्या कमतरतेवर निबंध प्रसिद्ध केला. काही जणांत जिव्हादाह, हातापायांना मुंग्या येणे व मज्जासंस्थेची अन्य लक्षणे आढळत होती.

अशा प्रसंगी एखादी प्रचारक संस्था काय करील? विरोधकांच्या हाती शस्त्र मिळू नये म्हणून ती प्रश्न दडपू पाहील, किंवा ‘निसर्गात सर्व काही आहे’ असे म्हणून वेळ मारून नेईल. व्हीगन मंडळींतही असे म्हणणारे होते; मात्र संस्थेने कालांतराने निराळा मार्ग धरला. तिचे अध्यक्षपद अनेक वर्षे भूषविणारे डॉ. फ्रे एलिस हे स्वतः रक्तविकारतज्ज्ञ होते. त्यांनी व्हीगन व्यक्तींचीच रक्तपरीक्षा करून १९७० व १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. या अभ्यासांतून व्हीगन व्यक्ती सामान्यतः निरोगी असू शकतात हे दिसले. त्याचबरोबर पूरक बी-१२ न घेणाऱ्यांत त्याचे रक्तातील प्रमाण कमी असते, हेही दिसले. दोन्ही निष्कर्ष लोकांपुढे आले.

२००१ मध्ये संस्थेच्या सहभागाने प्रसृत झालेल्या खुल्या पत्रात प्रत्येक व्हीगन व्यक्तीने पुढीलपैकी एक मार्ग निवडावा, असे स्पष्ट सांगितले आहे :

१) बी-१२ मिसळलेले अन्न दिवसातून दोन-तीन वेळा घेऊन रोज किमान ३ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळविणे;
२) किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेणे, किंवा
३) २००० मायक्रोग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा घेणे.

२००५ मध्ये संस्थेने स्वतःची पूरक गोळीही उपलब्ध केली. तिच्यात बी-१२ सह ड जीवनसत्त्व, आयोडीन, सेलेनियम इत्यादी घटक आहेत. बी-१२ हे मुळात प्राणी वा वनस्पती तयार करीत नाहीत. ते सूक्ष्म जीवाणू तयार करतात. औषधी बी-१२ देखील जीवाणूंच्या किण्वनातूनच मिळते. त्यामुळे ते घेण्याने व्हीगन नियमास बाध येत नाही. ही गोष्ट रुग्णास समजावून सांगितल्यास त्याचा बहुतेक विरोध मावळतो.

आपल्याकडील दोन अनुभव

हा प्रश्न आपल्या देशास नवा नाही. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रयोगांमुळे या त्यागास पुढे व्रताचे स्वरूप आले. १९१८-१९ च्या दीर्घ आजारात त्यांची शक्ती भरून येईना. परिचित वैद्य-डॉक्टरांनी मुगाचे पाणी, मोहाचे तेल व बदामाचे दूध सुचविले. त्याने गुण आला नाही. औषधोपचारात आहारविषयक धर्मबंधने आड येत नाहीत, हे पटविण्यासाठी वैद्यांनी त्यांना चरकातील वचनेही वाचून दाखविली. अखेर, व्रत घेताना मनात गाई-म्हशीचेच दूध होते या युक्तिवादाने कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग काढला. गांधीजी वाचले, परंतु व्रताचा शब्द पाळला तरी त्याचा आत्मा दुखावला, हा सल त्यांनी आत्मकथेत नोंदविला आहे. दुधाच्या तोडीचा वनस्पतिजन्य पदार्थ अनुभवाने कोणास ठाऊक असल्यास कळवावे, अशी विनंतीही त्यांनी वाचकांस केली आहे.

दुसरा अनुभव पुण्याचा आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत बी-१२ कमी आढळले. हे पुरुष व्हीगन नव्हते. आपल्याकडे दूध घेणाऱ्या शाकाहारी घरांतही बी-१२ चा साठा बेताचाच असतो, असा याचा अर्थ होतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून व्हीगन झालेल्यास लगेच त्रास होत नाही, असे पुस्तकात वाचावयास मिळते. पण ज्याचा साठा मुळातच रिकामा आहे, त्यास ही मुदत मिळत नाही. इंग्लंडमधील मांसाहार सोडून व्हीगन झालेला मनुष्य आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरातील तरुणी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

पांडू म्हणून लोह देताना

बी-१२ च्या कमतरतेचा रुग्ण आपल्याकडे पांडुता, दौर्बल्य, अग्निमांद्य, जिव्हादाह, हातापायांची सुप्ती व चिमचिम, स्मृतिमांद्य अशी लक्षणे घेऊन येतो. आपण पांडू व वातव्याधी यांचा विचार करून लोहकल्प वा मंडूरकल्प देतो. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, लोहाच्या कल्पांनी बी-१२ ची उणीव भरून येत नाही. दुसरी, पालेभाज्या व कडधान्यांनी युक्त आहारात फोलेट भरपूर असते. त्यामुळे रक्तातील बदल झाकले जाऊन हिमोग्लोबिन बरे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. तिसरी, ही हानी दीर्घकाळ राहिल्यास पूर्णपणे भरून येईलच असे नाही. यास्तव व्हीगन रुग्णात बी-१२ ची रक्तपरीक्षा आरंभीच करवून घ्यावी. निकाल सीमारेषेवर असल्यास होमोसिस्टीन पाहावे. मज्जासंस्थेची लक्षणे असल्यास विलंब न लावता तज्ज्ञाकडे पाठवावे. स्पिरुलिनातील बहुतांश बी-१२ मानवी शरीरास निरुपयोगी असते. त्यावर विसंबू नये.

गर्भिणी व स्तन्यदा यांच्या बाबतीत तर हयगय मुळीच चालणार नाही. स्तन्यातील बी-१२ मातेच्या साठ्यावर अवलंबून असते. मातेस कमतरता असल्यास केवळ स्तन्यावर असलेले बालक काही महिन्यांत निस्तेज होते, हसणे-बसणे विसरते, त्यास कंप सुटतो, त्वचा काळवंडते, केस विरळ व पिंगट होतात. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांना हे चित्र चांगले परिचित आहे. मातेची गोळी वेळीच सुरू केल्यास हे टळू शकते. म्हणून गर्भाधानापूर्वीच हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

जांगम द्रव्य कोठे कोठे असते?

चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे जांगम, औद्भिद व पार्थिव असे तीन प्रकार सांगितले आहेत. मध, गोरस, पित्त, वसा, मज्जा, मांस, मूत्र, अस्थी, शृंग, नख, खूर, रोम, गोरोचना इत्यादी जांगम होत. व्हीगन व्यक्ती जे टाळते ते नेमके हेच. म्हणजे तिचा नियम समजून घेण्यास आपणांस नव्या परिभाषेची गरज नाही. आपल्या नेहमीच्या कल्पांकडे या दृष्टीने पाहिल्यास पुढील गोष्टी दिसतात.

अ) उघड जांगम : सर्व घृतकल्प, तूप-मध असलेले च्यवनप्राशादी अवलेह, शंख, कपर्दिक, मौक्तिक, शुक्ती, प्रवाळ, मृगशृंग व कुक्कुटाण्डत्वक् यांची भस्मे, कस्तुरी व गोरोचनयुक्त कल्प. लाक्षा झाडावर मिळत असली तरी कीटकजन्य आहे. याउलट गोदंती हे नावावरून जांगम वाटले तरी खनिज आहे.

आ) पाठात दडलेले : दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट, कुमार्यासव व लोहासव यांच्या पाठात मध आहे. द्राक्षारिष्ट, अभयारिष्ट, अर्जुनारिष्ट, अशोकारिष्ट व कुटजारिष्ट हे गुळाचे आहेत. क्षीरबला व महानारायण तेलात दूध, अणुतेलात शेळीचे दूध, तर पिंडतेलात मेण असते.

इ) शोधनात आलेले : गंधकाचे शोधन दूध-तुपात, धातूंचे सामान्य शोधन तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाच्या काढ्यात, तर वत्सनाभाचे शोधन बहुधा गोमूत्रात होते. त्यामुळे कज्जलीयुक्त कल्प कठोर अर्थाने व्हीगन ठरत नाहीत. ही द्रव्ये वेष्टणावरील घटकांच्या यादीत सहसा दिसत नाहीत.

ई) कल्पाच्या घडणीत आलेले : जिलेटिनचे कॅप्सूल व गोळीतील दुग्धशर्करा.

वेष्टणावरील हिरव्या ठिपक्याचा येथे उपयोग नाही. कारण दूध, तूप व मध असलेल्या पदार्थांवरही तो असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम व चिन्ह लागू केले. ते अन्नपदार्थांसाठी आहे. औषधाच्या बाबतीत रुग्णाचा आधार वैद्याचा शब्द हाच आहे.

प्रतिनिधी द्रव्यांचा नियम व त्याची मर्यादा

द्रव्य न मिळाल्यास काय योजावे, याचा विचार भावप्रकाशाने केला आहे. मधाच्या अभावी जुना गूळ, दुधाच्या अभावी मूग वा मसुरीचा रस, कस्तुरीच्या अभावी कंकोळ असे प्रतिनिधी तेथे सांगितले आहेत. जैन रुग्णांस मध वर्ज्य असल्याने त्यांच्यासाठी अनुपान बदलण्याची गरजही आपणांस परिचित आहे. व्हीगन रुग्णासाठी हीच वाट थोडी पुढे न्यावयाची आहे.

तथापि योगातील अप्रधान द्रव्याचाच प्रतिनिधी घ्यावा, प्रधान द्रव्याचा घेऊ नये, असा दंडकही त्याच परंपरेने घातला आहे. चूर्णाच्या अनुपानात मध अप्रधान आहे. तेथे जुना गूळ वा कोष्ण जल चालेल. घृतकल्पात घृत प्रधान आहे. संस्काराचे अनुवर्तन करण्याचा तुपाचा गुण तेलास तितका नाही; म्हणून ‘व्हीगन घृत’ असे काही करता येत नाही. तेथे पाठ न बदलता कल्पना बदलावी. त्याच वनस्पतींचा क्वाथ, चूर्ण वा तैल योजावे. चरकाने स्नेहाच्या स्थावर व जांगम अशा दोन योनी सांगून तीळ, जवस, एरंड, मोहरी, अक्रोड यांसह १८ स्थावर स्नेहाश्रय दिले आहेत. वाताच्या अनुवासनात तर तेलाचे श्रेष्ठत्व सर्वमान्य आहे. पित्तप्रधान अवस्थेत मात्र तिळतेल तुपाची जागा घेऊ शकत नाही. तेथे आपली मर्यादा रुग्णास मोकळेपणाने सांगावी.

ग्रहणी व अर्शातील ताकाबद्दलही असेच म्हणता येईल. कांजी, डाळिंब, यूष यांची योजना निराळी करता येते. पण तिला ताकाचा पर्याय म्हणून मिरवू नये. सोया, नारळ वा बदाम यांच्या रसास बाजारात ‘दूध’ म्हटले, तरी क्षीरवर्गाचे गुण त्यांस आपोआप लागू होत नाहीत. नारळाचा रस गुरू व स्निग्ध आहे. मंदाग्नीच्या रुग्णास तो पचेलच असे नाही. प्रत्येकाचा विचार त्याच्या मूळ द्रव्यानुसार करावा.

आहाराच्या बाजूने कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा व शेवग्याची पाने सुचवावीत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. डाळी व कडधान्ये रोज असावीत, मीठ आयोडीनयुक्त असावे. जन्मापासून सात्म्य असलेले दूध-तूप ज्याला सोडावयाचे आहे, त्याला चरकोक्त पादांशिक क्रमाने, थोडे थोडे करून सोडण्यास सांगावे. अचानक बदलाने रूक्षता, मलावष्टंभ व निद्रानाश या तक्रारी उद्भवू शकतात.

रुग्णपत्रिकेत घालावयाचे प्रश्न

१) दूध, तूप, मध यांपैकी काय वर्ज्य आहे व किती काळापासून?
२) त्याग कोणत्या कारणाने? करुणा, धर्म, पचत नाही म्हणून, की वजनासाठी?
३) हा नियम औषधासही लागू आहे काय? शोधनातील गोमूत्र वा दूध चालेल काय?
४) बी-१२ ची पूरक मात्रा घेता काय? अखेरची तपासणी केव्हा झाली?
५) स्त्री रुग्णास : गर्भधारणेचा विचार आहे काय? अंगावर पाजता काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येते. कोणी औषधात सवलत घेतो, कोणी घेत नाही. निर्णय रुग्णाचा, त्यास लागणारी खरी माहिती देणे हे आपले काम.

उपसंहार

आहारविधीच्या आठ आयतनांत चरकाने शेवटी उपयोक्त्याचा, म्हणजे खाणाऱ्याचा विचार सांगितला आहे. त्याचे सात्म्य पाहताना त्याच्या मनाने काय स्वीकारले आहे व काय त्यागले आहे, हेही पाहावे लागते. व्हीगन सोसायटीच्या सर्व मतांशी वैद्यवर्ग सहमत होईल असे नाही. गोघृताविषयीची आपली श्रद्धा अनुभवसिद्ध आहे. परंतु आपल्या मार्गातील उणीव मोजण्याचे, ती जाहीर करण्याचे व तिच्यावर उपाय देण्याचे जे काम या संस्थेने केले, ते कोणत्याही शास्त्राच्या उपासकाने अनुकरावे असे आहे. वैद्यबंधुभगिनींनी आपापल्या औषधालयातील कल्पांची वर दिलेल्या चार वर्गांनुसार एकदा यादी करावी व ती रुग्णपत्रिकांसोबत ठेवावी. त्यामुळे पुढील व्हीगन रुग्ण समोर बसेल तेव्हा त्याला काय देता येईल, काय देता येणार नाही आणि कोणती तपासणी आजच करावयाची, हे आपणांस निःशंकपणे सांगता येईल.